महादजींच्या सेनापतीचे मूळ घर

पाटण आणि मेडता या दोन लढायांनी १७९० या एका वर्षात उत्तर हिंदुस्थानातील शक्तीचा तोल बदलला. जूनमध्ये पाटण आणि सप्टेंबरमध्ये मेडता येथे महादजी शिंदे यांच्या कवायती पलटणींनी जे यश मिळवले, त्याचे श्रेय मराठी इतिहासग्रंथ एका युरोपियन सेनानीला देतात. कुणी त्याला डी बॉइन म्हणतो, कुणी डिबॉईन, कुणी द बॉइन. त्याची शिस्त, त्याचा तोफखाना, अलीगढजवळील त्याची छावणी आणि दुआबातील त्याची जायदाद यांविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. मात्र हा माणूस मूळचा कोण, कोणत्या घरातला आणि त्याच्या मागे-पुढे कोण होते, या प्रश्नांची उत्तरे बहुतेक पुस्तकांत ‘सॅव्हॉय प्रांतातील एक फ्रेंच साहसी’ एवढ्यावर आटोपतात. त्या पाच शब्दांतही एक चूक आहे. त्याचा जन्म झाला तेव्हा सॅव्हॉय फ्रान्समध्ये नव्हते. ते सार्डिनियाच्या राजाच्या ताब्यात होते आणि त्याचे जन्मगाव शाँबेरी हे एकेकाळी त्या राजघराण्याच्या राजधानीचे शहर होते.

एखाद्या लष्करी अधिकाऱ्याच्या पूर्वायुष्याचा शोध घेणे वरवर सोपे वाटते. सैन्य ही नोंदी ठेवणारी संस्था असते. भरती, बढती, पगार, रजा यांची कागदपत्रे कुठेतरी असतातच. द बॉइनच्या बाबतीत अडचण अशी की, त्याने चार निरनिराळ्या सत्तांची चाकरी केली आणि प्रत्येक ठिकाणी आपल्याविषयी सोयीचे तेवढेच सांगितले. त्यामुळे त्याचे चरित्र लिहिणाऱ्यांना शत्रूच्या फौजांपेक्षा त्याने स्वतः उभ्या केलेल्या पडद्याशीच अधिक झुंजावे लागले.

नावातील गाठ

शोधाची पहिली गाठ नावातच आहे. ‘द बॉइन’ हे त्याचे जन्मनाव नव्हे. मार्च १७५१ मध्ये शाँबेरीत जन्मलेल्या या मुलाचे नाव बेन्वा लबोर्न्य असे होते. फ्रेंच भाषेत ‘बोर्न्य’ म्हणजे एकाक्ष, एका डोळ्याचा. असे आडनाव घेऊन अधिकाऱ्यांच्या पंगतीत बसणे एका महत्त्वाकांक्षी तरुणाला रुचले नसेल, तर नवल नाही. अक्षरांत किंचित फेरफार झाला, पुढे सरदारी थाटाचे ‘द’ लागले आणि दुकानदाराच्या मुलाचे नाव ऐकणाऱ्याला एखाद्या जहागीरदाराचे वाटू लागले.

हे एकट्याचेच कृत्य होते असे नाही. त्याच्यानंतर शिंद्यांच्या कवायती फौजेचा प्रमुख झालेला पेराँ हाही मूळचा पिएर क्युलिए. नशीब काढण्यासाठी समुद्र ओलांडणाऱ्या त्या काळच्या माणसाला नवे नाव घेण्यास कुणाची परवानगी लागत नसे. हिंदुस्थानातील दरबारांना त्याच्या कुळाशी कर्तव्य नव्हते. पलटण उभी करता येते की नाही आणि ती रणात टिकते की नाही, एवढेच त्यांना पाहायचे होते. मराठी पत्रव्यवहारातून द बॉइनच्या लष्कराविषयी माहिती मिळते, त्याच्या वाडवडिलांविषयी मिळत नाही, याचे कारण हेच.

नावातील हा बदल ध्यानात न घेता जो अभ्यासक शाँबेरीच्या जुन्या नोंदीत ‘द बॉइन’ शोधू लागेल, त्याच्या हाती काहीच लागणार नाही. लबोर्न्य हे नाव धरले, की मात्र घर उघडते.

कातड्यांचे दुकान

अठराव्या शतकातील सॅव्हॉयमध्ये जन्म, विवाह आणि मृत्यू यांची नोंद चर्चच्या वह्यांत होत असे. १७९२ मध्ये फ्रेंच क्रांतीच्या फौजांनी हा प्रांत घेतल्यानंतर तेथे नागरी नोंदणीची पद्धत आली. त्याआधीच्या माणसाचा माग काढायचा, तर धर्मगुरूने लिहिलेला बाप्तिस्म्याचा दाखला, नोटरीकडील विवाहाचे करार आणि मालमत्तेचे कागद हेच आधार उरतात. या कागदांतून दिसणारे लबोर्न्यांचे घर अगदी मध्यम स्थितीतले आहे.

वडील ज्याँ-बाप्तिस्त लबोर्न्य हे शाँबेरीत लोकरीची कातडी, म्हणजे फर, विकणारे व्यापारी होते. आजोबा उत्तर फ्रान्सच्या पिकार्डी प्रांतातून येऊन या डोंगराळ शहरात स्थायिक झाले होते. आईचे नाव हेलेन गाबे. घरात मुलेबाळे बरीच होती. मुलाला शहरातील विद्यालयात चांगले शिक्षण मिळाले, हे त्याच्या पुढील पत्रलेखनावरूनही जाणवते. दुकानाच्या पाटीवर सिंह, वाघ आणि हत्ती रंगवलेले होते व ती चित्रे पाहून मुलाच्या मनात पूर्वेची ओढ निर्माण झाली, असे काही चरित्रकार सांगतात. पाटी असेलही. परंतु शाँबेरीच्या चौकात द बॉइनच्या स्मरणार्थ हत्तींचे कारंजे उभे राहिल्यानंतर त्याच्या बालपणातही हत्ती सापडावेत, हा योगायोग जरा जपूनच स्वीकारावा लागतो.

तीच गोष्ट द्वंद्वयुद्धाची. सतराव्या वर्षी त्याचे सार्डिनियाच्या सैन्यातील एका अधिकाऱ्याशी द्वंद्व झाले, म्हणून स्वदेशी सैन्याचे दार बंद झाले आणि त्याला फ्रान्सची वाट धरावी लागली, असे सांगण्यात येते. कथा त्या काळाला शोभणारी आहे. मात्र दुसरे कारणही तितकेच पुरेसे आहे. राजाच्या सैन्यात अधिकारीपद मिळवण्यासाठी कुळ लागे आणि फर विकणाऱ्याच्या मुलाकडे ते नव्हते. चरित्रात द्वंद्व लिहिणे सन्मानाचे होते, दुकान लिहिणे नव्हते.

१७६८ मध्ये तो फ्रान्सच्या सेवेतील आयरिश ब्रिगेडमध्ये, क्लेअर रेजिमेंटमध्ये दाखल झाला. इंग्लंडच्या राजवटीमुळे देश सोडलेल्या आयरिश कॅथलिक घराण्यांतील माणसे या पलटणींत असत. इंग्रजी भाषा त्याला तेथेच अवगत झाली आणि पुढे मद्रास, कलकत्ता व लखनौ येथे तिचाच त्याला सर्वाधिक उपयोग झाला. या नोकरीच्या निमित्ताने हिंदी महासागरातील फ्रेंच बेटांपर्यंत त्याचा प्रवास झाला. बढतीची आशा दिसेना, तेव्हा त्याने राजीनामा दिला आणि रशिया-तुर्कस्तान युद्धात रशियाच्या बाजूने एजियन समुद्रात लढण्यास तो गेला. टेनेडॉस बेटाजवळ तुर्कांनी त्याला पकडले. कॉन्स्टँटिनोपलच्या बाजारात तो गुलाम म्हणून विकला गेला, ही इंग्रजी पुस्तकांतील आवडती कहाणी याच काळातली. कैद झाली हे खरे. बाजारातील लिलावाचे रसभरीत वर्णन मात्र ऐकीव माहितीवर पोसलेले आहे.

सुटका झाल्यावर इजिप्तमार्गे १७७८ मध्ये तो मद्रासला पोहोचला आणि कंपनीच्या देशी पायदळात कनिष्ठ अधिकारी झाला. १७८२ मध्ये ती नोकरीही सोडून तो कलकत्त्याला वॉरन हेस्टिंग्जकडे आणि तेथून लखनौला गेला. १७८४ मध्ये महादजींनी त्याला दोन पलटणी उभ्या करण्याचे काम दिले. तेथपासूनचा इतिहास मराठी वाचकाला परिचित आहे.

साक्षीदार आणि त्यांचे हेतू

द बॉइनच्या पूर्वायुष्याची माहिती ज्यांच्याकडून मिळते, त्यांपैकी एकही साक्षीदार निरपेक्ष नाही. त्याच्या हयातीतच, १८२९ मध्ये, शाँबेरीच्या विद्वत्सभेने त्याच्या कारकिर्दीवर एक पुस्तिका प्रसिद्ध केली. तेव्हा तो शहराचा सर्वांत मोठा दाता होता. इस्पितळे, वृद्धांचा आश्रम, विद्यालय, नवा रस्ता, नाट्यगृह अशा अनेक कामांना त्याने पैसा दिला होता. अशा माणसाच्या हयातीत, त्याच्याच गावात छापलेल्या चरित्रात अडचणीचे प्रश्न विचारले जाणार नाहीत, हे उघड आहे. ‘राजस्थान’कार कर्नल जेम्स टॉड यांनी शाँबेरीला जाऊन वृद्ध द बॉइनची भेट घेतली होती. मेडत्याच्या लढाईविषयी त्यांना प्रत्यक्ष सेनापतीच्या तोंडून ऐकायचे होते. घराण्याची चौकशी हा त्या भेटीचा विषय नव्हता.

१८७३ मध्ये व्हिक्तॉर द सँ-जनी या फ्रेंच लेखकाने, तर १८९२ मध्ये हर्बर्ट कॉम्प्टन या इंग्रज लेखकाने त्याचे चरित्र मांडले. कॉम्प्टनचा युरोपियन लष्करी साहसींवरील ग्रंथ आजही वारंवार आधाराला घेतला जातो. लढाया, पलटणींची रचना आणि पगार यांच्या तपशिलासाठी तो उपयुक्त आहे. बालपण आणि कुटुंब यांविषयी मात्र तो पूर्वीच्या पुस्तकांतून आलेल्या कथा पुढे नेतो. मराठीत आलेली बरीच माहिती याच वाटेने आली, म्हणून गुलामीची कहाणीही तिच्याबरोबर आली.

सर्वांत धारदार साक्ष त्याच्या युरोपियन पत्नीची आहे. १७९५ च्या अखेरीस द बॉइनने दौलतराव शिंदे यांच्या चाकरीतून मोकळीक घेतली आणि १७९७ मध्ये तो प्रचंड संपत्तीसह इंग्लंडला पोहोचला. जून १७९८ मध्ये लंडन येथे त्याने आदेल दॉस्माँ हिच्याशी विवाह केला. फ्रेंच क्रांतीमुळे परागंदा झालेल्या एका सरदाराची ती मुलगी. तिचे वय सतरा, त्याचे सत्तेचाळीस. आईवडिलांच्या निर्वाहाची सोय व्हावी म्हणून आपण हे लग्न स्वीकारले, हे तिने लपवले नाही. संसार टिकला नाही. पुढे ती पॅरिसमध्ये स्वतंत्र राहिली, तिचा दिवाणखाना राजकारणी व साहित्यिक यांच्या बैठकीचे ठिकाण बनला आणि १८३५ पासून तिने लिहिलेल्या आठवणी तिच्या मृत्यूनंतर, १९०७ पासून प्रसिद्ध झाल्या.

या आठवणींत आदेलने पतीवर ठेवलेला मुख्य आरोप स्वभावाचा नाही, ओळखीचा आहे. आपले नाव, आपले कुटुंब आणि आपले पूर्वायुष्य यांविषयी त्याने मला व माझ्या आईवडिलांना फसवले, असे तिचे म्हणणे. संशोधकाने या साक्षीचे काय करावे? ती दुखावलेल्या स्त्रीची आहे, घटना घडून गेल्यावर कित्येक वर्षांनी लिहिलेली आहे आणि जुन्या सरदार घराण्याचा तोराही तिच्यात आहे. म्हणून अनेक चरित्रकारांनी ती बाजूला सारली. परंतु लबोर्न्य हे नाव, फरचे दुकान आणि हिंदुस्थानातील आधीचा संसार या तिन्ही गोष्टी कागदपत्रांवरून खऱ्या ठरतात. आदेलचा राग पक्षपाती होता. तिची माहिती चुकीची नव्हती. गौरवग्रंथांनी जे गाळले, ते तक्रारीच्या सुरात का होईना, तिने लिहून ठेवले.

हलीमा, नूर, हेलेन

आदेलशी लग्न झाले त्या वेळी द बॉइनची पहिली पत्नी इंग्लंडमध्येच होती. तिच्यापर्यंत पोहोचणे हा या साऱ्या शोधातील सर्वांत कठीण भाग ठरला आहे. कारण तिलाही एक नाव नाही. कुठे ती हलीमा आहे, कुठे नूर बेगम आणि इंग्लंडमधील कागदांत हेलेन बेनेट. बेनेट हे बेन्वा या नावाचेच इंग्रजी रूप. म्हणजे पतीचे नाव तिला आडनाव म्हणून मिळाले. हेलेन हे त्याच्या आईचे नाव. जी स्त्री पुढे त्याच्या आयुष्यातून वगळली गेली, तिच्या नव्या नावाचे दोन्ही भाग त्याच्या स्वतःच्या घरातून आलेले आहेत.

१७८८ च्या सुमारास द बॉइन महादजींची नोकरी काही काळ सोडून लखनौला गेला होता. तेथे क्लॉड मार्टिन या आपल्या फ्रेंच मित्राच्या साहाय्याने त्याने व्यापार केला आणि त्याच काळात हलीमाशी त्याचा संसार सुरू झाला. ती इराणी वंशाच्या एका लष्करी अधिकाऱ्याची कन्या होती, असे मानले जाते. फैज बख्श ही तिची बहीण. फैज ही कंपनीचा अधिकारी विल्यम पामर याची पत्नी. हा पामर प्रथम शिंद्यांच्या दरबारी आणि १७९८ पासून पुण्यात पेशव्यांच्या दरबारी इंग्रजांचा रेसिडेंट होता. महादजींचा सेनापती आणि पुण्याचा रेसिडेंट हे अशा रीतीने साडू होते. शिंदे आणि इंग्रज यांच्या राजकारणाचा अभ्यास करताना हे नाते क्वचितच विचारात घेतले जाते. पामरच्या कुटुंबाचे १७८५ चे एक मोठे तैलचित्र लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्यात फैज बख्शच्या बाजूला बसलेली तरुणी म्हणजे तिची बहीण नूर बेगम, असे काही अभ्यासक समजतात.

द बॉइन आणि हलीमा यांना दोन मुले झाली. मुलगी बानू आणि मुलगा अली बख्श. इंग्लंडला पोहोचल्यावर त्यांचा बाप्तिस्मा करण्यात आला आणि ती अ‍ॅना व शार्ल आलेक्सांद्र झाली. घरातील प्रत्येकाचे नाव एकदा तरी बदललेले असल्यामुळे एकाच माणसाला दोन समजण्याची किंवा दोघांना एक समजण्याची चूक या प्रकरणात वारंवार झाली आहे.

लंडनला पोहोचल्यावर वर्ष-दीड वर्षातच द बॉइन आदेलशी विवाहबद्ध झाला. हलीमाच्या निर्वाहासाठी त्याने रक्कम लावून दिली, मुले मात्र पुढे तिच्याजवळ राहिली नाहीत. मुलगी १८०४ मध्ये, विशीही न गाठता, वारली. मुलगा वडिलांकडे सॅव्हॉयला गेला. हलीमा ससेक्स परगण्यात हॉर्शमजवळ एकटी राहू लागली. आसपासच्या लोकांनी तिला ‘काळी राजकन्या’ असे नाव ठेवले होते. लखनौच्या जनान्यात वाढलेल्या या स्त्रीने इंग्लंडच्या खेड्यात अर्धशतकाहून अधिक काळ काढला.

लष्करी इतिहासकारांना तिची गरज भासली नाही, म्हणून बराच काळ ती हॉर्शमच्या स्थानिक आठवणींत आणि चर्चच्या नोंदीतच राहिली. डेस्मंड यंग या लेखकाने १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या द बॉइनच्या चरित्रात तिला जागा दिली. जर्मन सेनापती रोमेल याचे गाजलेले चरित्र लिहिणारे यंग ते हेच. त्यानंतर शाँबेरी येथील द बॉइन घराण्याच्या खासगी संग्रहाकडे अभ्यासकांचे लक्ष गेले. विल्यम डॅलरिंपल यांनी ‘व्हाइट मुघल्स’ या २००२ च्या ग्रंथासाठी या संग्रहातील पामरच्या पत्रांचा उपयोग केला आणि दोन बहिणींचे नाते सर्वसामान्य वाचकांपर्यंत पोहोचवले.

विखुरलेले कागद

या एका माणसाची कागदपत्रे आज किमान चार ठिकाणी पाहावी लागतात. जन्म आणि मूळ घराणे यांसाठी शाँबेरी; आयरिश रेजिमेंटमधील नोकरीसाठी पॅरिसजवळील व्हँसेन येथील फ्रेंच लष्करी दफ्तर; मद्रासमधील वर्षांसाठी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतील कंपनीचे दप्तर; आणि शिंद्यांच्या चाकरीसाठी पुण्याच्या पेशवे दफ्तरासह मराठी व फारसी पत्रे. पुणे रेसिडेन्सीच्या पत्रव्यवहाराचा महादजींविषयीचा खंड जदुनाथ सरकार यांच्या संपादनाखाली १९३६ मध्ये प्रसिद्ध झाला. द. ब. पारसनीस यांनी छापलेली दिल्लीच्या राजकारणाची पत्रे त्याआधीची. या दोन्हींमध्ये त्या काळातील उत्तरेचे मराठी राजकारण तपशिलाने दिसते. फ्रेंच, इंग्रजी, मराठी आणि फारसी या चारही भाषा एका अभ्यासकाला येणे दुर्मीळच. त्यामुळे शाँबेरीत लिहिलेले चरित्र मेडत्याची लढाई उरकून घेते आणि पुण्यात लिहिलेले चरित्र शाँबेरी एका ओळीत संपवते.

द बॉइन १८०२ मध्ये शाँबेरीला परतला आणि शहरालगतच्या ब्युइसाँ-राँ या वाड्यात राहू लागला. सार्डिनियाच्या राजाने त्याला काउंट केले. घेतलेल्या नावातील ‘द’ला अखेर सरकारी मान्यता मिळाली. २१ जून १८३० रोजी तो मरण पावला. १८३८ मध्ये शहराने त्याच्या स्मरणार्थ कारंजे उभारले. उंच स्तंभावर त्याचा पुतळा आणि पायथ्याशी चार दिशांना तोंड केलेले चार हत्ती. हत्तींचे फक्त पुढचे अंग दाखवलेले आहे, मागचे नाही. त्यावरून शाँबेरीकरांनी या स्मारकाला जे विनोदी नाव दिले आहे, ते सभ्य मराठीत ‘चार बिनबुडाचे’ असे सांगता येईल.

आदेलला मूल झाले नाही. द बॉइनच्या पश्चात काउंटची पदवी आणि वाडा शार्ल आलेक्सांद्रला, म्हणजे हिंदुस्थानात अली बख्श या नावाने जन्मलेल्या मुलाला मिळाला. सॅव्हॉयमधील एका प्रतिष्ठित घराण्यात त्याचे लग्न झाले होते आणि त्याला बरीच मुले झाली. घराण्याचा पुढचा सारा विस्तार त्यांच्यापासूनचा आहे. शार्ल १८५३ मध्ये वारला. त्याच वर्षाच्या अखेरीस हलीमाही गेली. तिची कबर हॉर्शमच्या सेंट मेरी चर्चच्या आवारात आहे.